नवशिक्याच्या हाती लिनक्स डेस्कटॉप देण्याआधी काय काय करून ठेवावं

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक त्या यादीबाहेर राहिले. अशा संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत यंत्रणा घालून तो घरच्या एखाद्या नवख्या माणसाला वापरायला द्यावा का, हा प्रश्न आज पुष्कळांपुढे आहे.

उत्तर आधीच सांगतो: द्यावा. डेस्कटॉप तयार आहे. तयारी करायची आहे ती बसवून देणाऱ्याने. मेन्यू, आयकॉन, खिडक्या यांत नवशिक्या फारसा अडत नाही. तो अडतो ते अचानक पासवर्ड मागणारी चौकट समोर आली की, प्रिंटर गप्प बसला की, दुसऱ्याने पाठवलेली फाइल विस्कटून उघडली की, किंवा चुकून काहीतरी दाबलं जाऊन खालची पट्टी गायब झाली की. यातली प्रत्येक गोष्ट संगणक हवाली करण्याआधी निस्तरता येते. सगळं मिळून अर्धा दिवस लागतो. पुढचं सगळं त्या अर्ध्या दिवसाबद्दल, बसवून देणाऱ्यासाठी.

आधी माणूस, मग डेस्कटॉप

नवशिक्या म्हणजे एकच प्रकारचा माणूस नव्हे. ज्याने आजवर संगणकाला हातच लावलेला नाही, त्याला लिनक्स आणि विंडोज सारखेच नवे. तो दाखवाल तसं शिकतो. जड जातं ते दहा वर्षं विंडोजवर ठरलेली चार कामं करणाऱ्याला. त्याला ‘विंडोज येतं’ असं नसतं. त्याच्या हाताला जागा पाठ असतात. डावा कोपरा खाली, फुली वर उजवीकडे, दोनदा टिचकी, फाइल ‘डी’ ड्राइव्हमध्ये. जागा हलली की हात चुकतो, आणि चूक आपलीच असं वाटून माणूस खचतो.

म्हणून संगणकाला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि त्यांच्या शेजारी बसून ते आठवडाभरात काय काय करतात ते लिहून काढा. ‘इंटरनेट वापरतो’ एवढं पुरत नाही. कोणती साइट, व्हिडिओ कॉल कशावरून, पत्र कशात टाइप करतात, फोनमधले फोटो कसे उतरवतात, प्रिंट कुठून देतात, इथपर्यंत उतरा. यादीतलं बहुतेक काम ब्राउझरमध्ये होत असेल तर पुढे जायला हरकत नाही. पण एखादा प्रोग्राम फक्त विंडोजवरच चालणारा निघाला आणि तो रोजचा असला, उदाहरणार्थ फोटोशॉप, हिशोबाचं ठरावीक सॉफ्टवेअर किंवा ऑनलाइन परीक्षेचं पहारा ठेवणारं ॲप, तर इथेच थांबा. वाइन नावाच्या सोयीतून विंडोजचे अनेक प्रोग्राम लिनक्सवर चालतात, हे खरं. तरीही नवशिक्याचं रोजचं काम वाइनच्या भरवशावर सोडू नये असं माझं ठाम मत आहे. आज चाललेली गोष्ट पुढच्या अपडेटनंतर अडली, तर ती सोडवणं त्याच्या आवाक्यातलं नसतं.

कोणता निवडायचा

लिनक्स ही खालची यंत्रणा. डोळ्यांना दिसते ती पट्टी, मेन्यू, खिडक्या, सेटिंग्ज, हे सगळं ‘डेस्कटॉप’ नावाच्या वेगळ्या थरातून येतं, आणि असे थर बरेच आहेत. केडीई आणि एक्सएफसीई १९९६मध्ये सुरू झाले, नोम १९९७मध्ये. २०११च्या एप्रिलमध्ये नोम ३ आलं, त्याने जुनी पट्टी आणि मेन्यू काढून टाकले, आणि ज्यांना जुनी मांडणीच हवी होती त्यांच्याकडून माटे आणि सिनॅमन उभे राहिले. हा इतिहास इथे सांगण्याचं कारण आहे: सिनॅमन घडलं तेच सवयीच्या जागा न हलवण्यासाठी. मेन्यू खाली डावीकडे, घड्याळ खाली उजवीकडे, उघड्या खिडक्या पट्टीवर. विंडोजवर हात बसलेल्या माणसासाठी म्हणूनच पहिली निवड सिनॅमन, आणि तो नीट जमलेला मिळतो लिनक्स मिंट या वितरणात, म्हणजे लिनक्स, डेस्कटॉप आणि नेहमीचे प्रोग्राम यांच्या तयार संचात.

नोम वाईट नाही. कोरी पाटी असलेल्याला, विशेषतः मोबाइल सराईतपणे वापरणाऱ्याला, त्याची मोठ्या आयकॉनांची मांडणी ओळखीची वाटते. मात्र मूळ नोममध्ये खिडकीला फक्त बंद करण्याचं बटण असतं. खिडकी खाली ठेवण्याचं बटण नसतं. उबुंटू हे दुसरं वितरण ते बटण आणि कडेची आयकॉनांची पट्टी स्वतः जोडून देतं, म्हणून नोम द्यायचंच तर उबुंटूमधलं द्या. केडीई प्लाझ्मा फार देखणा आणि दमदार आहे. २०२४च्या फेब्रुवारीत आलेल्या प्लाझ्मा ६पासून फाइल उघडायला दोनदा टिचकी हीच मूळ सेटिंग झाली, त्यामुळे जुनी एक अडचण संपली. पण त्यात प्रत्येक गोष्ट बदलता येते, आणि नवशिक्याच्या बाबतीत तोच धोका. तो सेटिंग शोधायला जात नाही, चुकून तिच्यात शिरतो. जुन्या, २ ते ४ जीबी रॅमच्या संगणकाला मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती द्या.

रॅमबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ सुचवलेली आहे, आणि डिस्कवर किमान २० जीबी जागा. पण मेमरी खातो तो डेस्कटॉप नव्हे, ब्राउझर. एक्सएफसीई घालून जी काही शे एमबी वाचतात ती दोन-तीन टॅब उघडल्या की संपतात. संगणकात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर कोणता डेस्कटॉप यावर डोकं शिणवण्याआधी ती काढून एसएसडी बसवा. याहून मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

आवृत्ती दीर्घ सपोर्टचीच हवी. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांचा सपोर्ट नऊ महिन्यांत संपतो. त्या नवशिक्याला देऊ नका. सतत बदलत राहणाऱ्या, ‘रोलिंग’ म्हणतात त्या वितरणांचंही तेच.

बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा

मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत) त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. ती सुमारे ३ जीबीची आहे. साइटवर दिलेल्या चेकसमशी (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणाऱ्या आकड्याशी) ती ताडून पाहा, कारण अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलेशन मधेच अडतं आणि दोष उगाच हार्डवेअरवर जातो. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा, आणि बालेना एचर किंवा रूफस या प्रोग्रामने आयएसओ त्यावर लिहा. फाइल नुसती कॉपी करून ठेवली तर संगणक त्यावरून सुरू होत नाही. संगणक चालू करताना एफ१२, एफ२, एफ१०, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एक बटण बूट मेन्यू (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी) किंवा बायोस (संगणकाच्या मूळ सेटिंग्ज) उघडतं. कोणतं ते कंपनीवर अवलंबून.

आता डिस्कला हात न लावता मिंट समोर येईल. पेन ड्राइव्हवरून ते मंद चालतं, तेव्हा वेगावरून मत बनवू नका. बघायचं ते हार्डवेअर. वाय-फाय जोडा. स्पीकर, हेडफोन, माइक तपासा. माइक रेकॉर्ड करून परत ऐका, नुसता हलणारा काटा पाहून समाधान मानू नका. कॅमेरा उघडा. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, प्रकाश कमी-जास्त करायची बटणं चालतात का, ब्लूटूथला फोन दिसतो का, हेही बघा. वाय-फाय दिसतच नसेल तर अनेकदा ब्रॉडकॉमची चिप असते आणि तिला वेगळा ड्रायव्हर (ती चालवणारा छोटा प्रोग्राम) लागतो. अशा वेळी फोन केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. संगणकाला ते तारेचं नेटवर्क वाटतं, आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर उतरवता येतो. बोटाचा ठसा वाचणारं यंत्र चाललं तर आनंद, पण ते चालणार नाही असं धरूनच चला.

लॅपटॉपचं झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. पडदा काळाच राहिला, तर नवशिक्यासाठी याहून वाईट बिघाड नाही. तो पॉवरचं बटण दाबून धरणार आणि उघडी फाइल जाणार. पेन ड्राइव्हवरून चालवताना हे कधी कधी उगाच घडतं, म्हणून बसवल्यावर पुन्हा तपासा. तेव्हाही तसंच झालं तर पॉवर मॅनेजमेंटमध्ये झाकण मिटल्यावर ‘काही करू नका’ किंवा ‘बंद करा’ हे निवडून टाका. थोडी गैरसोय होते, पण काम बुडत नाही.

बसवताना

बॅकअप घेतला म्हणजे काय, तर कॉपी केलेल्या फाइलींतल्या दहा-बारा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. तोवर बॅकअप झाला असं समजू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या; बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा कायमचा कुलूपबंद.

विंडोज शेजारी ठेवावं का? तज्ज्ञाने ठेवावं, नवशिक्यासाठी ठेवू नये. दर वेळी चालू करताना काळ्या पडद्यावर कोणतं हवं हे विचारणारी यादी येते. विंडोजचा एखादा अपडेट बूटचा क्रम बदलतो. घड्याळही बरेचदा चुकतं, कारण विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळ. एकातून दुसऱ्यात गेलं की तास पुढे-मागे झालेले दिसतात. तरीही ठेवणं भागच असेल, तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपी जातं, आणि त्याच्या डिस्कवर लिनक्सला लिहिता येत नाही. फाइली दिसतात पण जतन होत नाहीत.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये स्टोरेजचा मोड पाहा. तो इंटेल आरएसटी किंवा रेडवर असेल तर एएचसीआय करा. डिस्क पूर्ण पुसणार असाल तर हा बदल बिनधास्त करा. विंडोज ठेवणार असाल तर तयारीविना केल्यास ते सुरूच होणार नाही.

इन्स्टॉल करताना ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ची चौकट टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ आवाजाविना किंवा चित्राविना राहतात. सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. तो कागदावर लिहा. पहिल्याच रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि काही सेकंदच थांबतो. लगेच कोणतंही बटण दाबा, ‘एनरोल एमओके’ निवडा, पुढे जा, होकार द्या, तोच पासवर्ड टाइप करा आणि रीबूट करा. हा पडदा हुकला तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा किंवा वाय-फायचा वेगळा ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही, आणि कारण शोधण्यात तास जातात.

पासवर्ड मागणारी ती चौकट

इन्स्टॉलर विचारतो: आपोआप आत जायचं की पासवर्ड मागायचा? नवशिक्याची सोय म्हणून आपण ‘आपोआप’ निवडतो. इथे चूक होते. दुसऱ्या दिवशी संगणक चालू होतो, डेस्कटॉप येतो, ते क्रोम उघडतात, आणि मधोमध चौकट उभी राहते: लॉगिन कीरिंग उघडलं नाही, पासवर्ड द्या. कीरिंग हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही. मेलचा पासवर्ड घालून बघतात, चौकट हलत नाही. रद्द केली की पुन्हा येते. संगणक कुणीतरी हॅक केला, असा समज होतो आणि तुम्हाला घाबरलेला फोन येतो.

घडतं ते साधं आहे. ब्राउझरसारखे प्रोग्राम आपले पासवर्ड एका कुलूपबंद डबीत ठेवतात. त्या डबीची किल्ली म्हणजे तुमचा लॉगिनचा पासवर्ड. तो टाइप करून आत शिरलात की डबी त्याच क्षणी उघडते. आपोआप आत शिरलात तर किल्ली कुणी फिरवलेलीच नसते.

यावर दोन उपाय. पहिला, आपोआप लॉगिन वापरूच नका; छोटा, टाइप करायला सोपा पासवर्ड ठरवून रोज घालायला शिकवा. दुसरा, ‘पासवर्ड्स अँड कीज’ हे ॲप उघडा, त्यातल्या ‘लॉगिन’वर राइट-क्लिक करून पासवर्ड बदला आणि नवा पासवर्ड रिकामा ठेवा. मग चौकट कधीच येत नाही, पण डबीतले पासवर्ड डिस्कवर उघडे पडतात. घराबाहेर जाणाऱ्या लॅपटॉपला हा दुसरा उपाय नको. घरातच राहणाऱ्या संगणकावर चालून जाईल.

आणखी एक गोष्ट त्यांना समोर बसून दाखवा. सॉफ्टवेअर टाकताना मिंट पासवर्ड मागतं, ते ठीक. पण ब्राउझरच्या पानात कुणी ‘तुमच्या संगणकाचा पासवर्ड’ मागितला तर तो कधीही द्यायचा नाही. दोन्ही चौकटी शेजारी शेजारी दाखवल्यात तर हा फरक एकदाच सांगून लक्षात राहतो.

खातं साधं द्यावं की प्रशासकाचं? प्रौढ माणूस असेल आणि संगणक त्याचा असेल तर प्रशासकाचंच द्या. आपल्याच यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असणं बरं नव्हे. लहान मुलांसाठी साधं खातं.

बसवल्यावरचा पहिला तास

सगळे अपडेट घ्या, रीस्टार्ट करा, ड्रायव्हर मॅनेजर एकदा उघडा. मग टाइमशिफ्ट, म्हणजे यंत्रणेच्या प्रती काढून ठेवणारं साधन. त्यात आरसिंक प्रकार निवडा, रोजच्या तीन आणि आठवड्याच्या दोन प्रती ठेवायला सांगा. डिस्क लहान असेल तर एकूण दोनच. टाइमशिफ्ट यंत्रणेचं चित्र जपतं, होम फोल्डरला हात लावत नाही. म्हणजे बिघडलेला अपडेट मागे घेता येतो, पण पुसलेला फोटो परत येत नाही. फोटो-कागदपत्रांसाठी मिंटचं ‘बॅकअप टूल’ किंवा देजा डूप आणि एक बाहेरची डिस्क वेगळी लागतेच. डेस्कटॉप उघडेनासाच झाला तर इन्स्टॉलचाच पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करायचा, त्यातलं टाइमशिफ्ट उघडून जुनी प्रत परत बसवायची. म्हणून तो पेन ड्राइव्ह पुसू नका. त्यावर चिठ्ठी चिकटवून लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवा.

टाइमशिफ्ट लागलं की मगच अपडेट आपोआप करा. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘ऑटोमेशन’ टॅब आहे. तिथे अपडेट आपोआप घेणं आणि जुने कर्नल (लिनक्सचा गाभा, जो अपडेटमधून नवा येत राहतो) काढून टाकणं, दोन्ही चालू करा. दुसरं विसरलात तर वर्षा-दोन वर्षांत जुने कर्नल साठून डिस्क भरते आणि अपडेट अडतात.

आता पडदा. पट्टीवर चारच आयकॉन ठेवा: ब्राउझर, फाइली, पत्र लिहायचा रायटर, फोटो. फॉंटच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार १.२ ते १.३ पट करा, माउसचा बाण मोठा करा, दोन टिचक्यांमधला वेळ वाढवा. हात थरथरणाऱ्यांना हा शेवटचा बदल फार उपयोगी पडतो. सिनॅमनमध्ये सुरुवातीला चार वर्कस्पेस, म्हणजे खिडक्या मांडायचे वेगवेगळे पडदे, असतात. कंट्रोल आणि ऑल्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबला गेला की पडदा दुसऱ्या वर्कस्पेसवर जातो आणि ‘माझं सगळं गेलं’ असा फोन येतो. एकच वर्कस्पेस ठेवा, बाकीचे बंद करा. असंच माउसच्या चाकाचं: चाक दाबलं की मघाशी निवडलेला मजकूर तिथे चिकटतो. पत्रात मधेच भलतंच वाक्य उमटलं तर कारण हे असतं, हे निदान तुम्हाला माहीत हवं.

पट्टी विस्कटली तर तिच्यावर राइट-क्लिक, ‘ट्रबलशूट’, आणि तिथून सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर. पडदा नुसता गोठला असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकत्र दाबले की सिनॅमन नव्याने सुरू होतं. उघड्या फाइली शाबूत राहतात.

फाइली आणि टायपिंग

लिब्रे ऑफिस (रायटर, कॅल्क वगैरेंचा संच) मूळ सेटिंगनुसार स्वतःच्या ओडीएफ प्रकारात जतन करतं. समोरच्याला ती फाइल कधी कधी नीट उघडत नाही, आणि दोष लिनक्सवर येतो. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन रायटरसाठी वर्डचा डॉकएक्स (.docx) आणि कॅल्कसाठी एक्सेलचा एक्सएलएसएक्स (.xlsx) हा कायमचा प्रकार ठरवा. व्ह्यू मेन्यूतल्या ‘यूजर इंटरफेस’मध्ये ‘टॅब्ड’ निवडलंत की वर्डसारखी पट्टी येते. दुसऱ्याची फाइल उघडल्यावर ओळी खाली-वर सरकल्या असतील तर बहुधा फॉंट नसतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कँब्रियाच्या जागी कॅलाडिया हे त्याच मापाचे फॉंट आहेत; ते बसवले की बरीच पानं पुन्हा जागेवर येतात. तरीही चौकटी आणि तक्ते भरपूर असलेला फॉर्म हुबेहूब दिसेल याची खात्री नाही, म्हणून पाठवताना पीडीएफ करायला शिकवा.

देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडला की झालं. उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याचे एम१७एन प्रकार बसवा, मग लॉग आउट करून परत या. त्याशिवाय भाषा बदलायचं चिन्ह दिसत नाही. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉंटांत टाइप केलेल्या फाइली मात्र नुसती अगम्य अक्षरं दाखवतील. तो बिघाड नाही. त्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्या लागतात.

पेन ड्राइव्हवर कॉपी करताना एक फसवणूक होते. हिरवी पट्टी भरते, ‘झालं’ असं वाटतं, पण डेटा अजून रॅममध्येच असतो आणि मागून सावकाश लिहिला जात असतो. तेवढ्यात ड्राइव्ह ओढला की फाइलीचं नाव असतं, आत काही नसतं. म्हणून बाहेर काढण्याच्या चिन्हावर टिचकी, ‘आता काढा’ अशी सूचना, मग ड्राइव्ह हातात, हा क्रम त्यांच्याकडून तीनदा करून घ्या. फोनमधले फोटो दिसत नसतील तर केबल जोडल्यावर फोनच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं राहिलेलं असतं.

प्रिंटर

अलीकडचे वाय-फायवाले प्रिंटर ड्रायव्हरशिवाय आपोआप यादीत येतात. एचपीचे जुने यूएसबी प्रिंटर एचपीलिप या सॉफ्टवेअरमुळे चालतात; त्यांतल्या काहींना शिवाय एक प्लगइन लागतं. पंचाईत होते ती विंडोजच्या ड्रायव्हरवरच सगळी मदार असलेल्या स्वस्त लेझर प्रिंटरांची. मॉडेल क्रमांक घेऊन ओपनप्रिंटिंग या साइटवरच्या प्रिंटरांच्या यादीत आधीच पाहा. चाचणीपान निघालं म्हणून थांबू नका. ब्राउझरमधून एक आणि रायटरमधून एक असं खरं पान काढा. दिवा लुकलुकतोय आणि कागद ओढत नाही, असं असेल तर कागदाचा आकार ‘लेटर’ राहिलेला असतो. तो प्रिंटरच्या आणि रायटरच्या दोन्ही सेटिंगांत ए४ करा. स्कॅनिंगसाठी ‘डॉक्युमेंट स्कॅनर’ पुरेसा आहे.

हवाली करताना

शिकवताना माउस त्यांच्याच हातात राहू द्या. तुम्ही हात पुढे केलात की ते बघतात, शिकत नाहीत. पहिल्या दिवशी चारच गोष्टी: चालू-बंद, ब्राउझर, खिडकी खाली ठेवणं आणि परत आणणं, फाइल जतन करून पुन्हा शोधणं. ‘सी ड्राइव्ह कुठे’ हा प्रश्न येईल. होम फोल्डर दाखवा आणि ‘तुमचं सगळं इथेच’ एवढंच सांगा. सॉफ्टवेअर हवं असेल तर ते साइटवरून उतरवायचं नाही, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचं, मोबाइलवर घेतात तसंच. फ्लॅटपॅक हा कोणत्याही लिनक्सवर चालणाऱ्या ॲपचा प्रकार आहे; त्यातली खातरजमा न झालेली ॲप मिंट २२ मुळात दाखवतच नाही. ती सेटिंग तशीच असू द्या.

दुरून मदत करायची सोय आजच लावून जा. रस्टडेस्क किंवा एनीडेस्क टाका आणि दुसऱ्या खोलीतून, दोघांच्या हाती फोन घेऊन, एकदा खरोखर जोडून पाहा. सिनॅमन अजून मूळ सेटिंगनुसार एक्स११ या पडदा रंगवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर चालतं, तिथे हे विनासायास होतं. वेलँड या नव्या यंत्रणेवरच्या डेस्कटॉपवर पडदा दाखवायची परवानगी समोरच्याला द्यावी लागते, आणि ती चौकट नवशिक्याला बुचकळ्यात टाकते. जोडणीचा क्रमांक तुमच्याशिवाय कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर नाहीच, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

जिथे अजून ‘नाही’ म्हणावं लागतं

दृष्टिहीन नवशिक्याला मी आज लिनक्स सुचवणार नाही. ओर्का हा पडदा वाचणारा प्रोग्राम आहे आणि त्यामागची मेहनत मोठी आहे, पण सगळ्या ॲपमध्ये तो सारखा चालत नाही, आणि एका जागी तो मुका झाला की त्या माणसाला बाहेर पडायला वाट उरत नाही. त्यांच्यासाठी विंडोजवरचं एनव्हीडीए अधिक भरवशाचं आहे, आणि तेही मुक्तस्रोतच आहे. फसवणूक रोखणारी यंत्रणा थेट विंडोजच्या गाभ्यात बसवणारे ऑनलाइन गेम चालत नाहीत. किशोरवयीन मुलासाठी संगणक असेल तर हे आधीच विचारून घ्या.

पंधरा दिवसांनी एकदा स्वतः जाऊन बसा. तोवर आलेल्या फोनांची नोंद ठेवलेली असेल तर काय बदलायचं ते तीच सांगेल. मग दर दोन-तीन महिन्यांनी दहा मिनिटं: अपडेट मॅनेजरमध्ये काही अपडेट थकलेत का, टाइमशिफ्टची शेवटची प्रत कधीची, डिस्कवर किती जागा उरली, बाहेरच्या डिस्कवर फोटो खरंच गेलेत का. आणि पेन ड्राइव्ह अजून बॅगेतच आहे ना, तेही.